दुपारच्या चाली

पंपाच्या मोटारी भरून देणारा गावात हा एकटाच, म्हणून सगळे त्याला वाइंडर म्हणत. तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. पण गेले सोळा दिवस गड्याचं मोजणंच चुकत होतं. शंभराचे एकशे चार व्हायचे, की सगळं उलगडा आणि पुन्हा घाला!

कारण होतं दुकानाबाहेरच्या बाकावरचा बुद्धिबळाचा पट. वाइंडर स्वतःशीच खेळायचा, उजव्या हातानं पांढरं, डाव्या हातानं काळं. तोडीचा भिडू एकच होता, थोरली बहीण, आणि तिच्याशी अकरा वर्षं अबोला. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप धाडायला हाच विसरला, आणि आई गेल्यावर चार माणसांत उलट तिलाच म्हणाला, "तू फिरकलीसुद्धा नाहीस!" पुढे चूक कबूल करायला जीभ रेटेना. ताई पुलापलीकडे, हा अलीकडे.

तर एके दुपारी हा जेवून येतो, तो काळं प्यादं पुढे सरकलेलं. वाटलं, वारा असेल. वारा कसला बोडक्याचा! यानं पांढरं हलवलं, तर दुसऱ्या दिवशी काळा घोडा हलला, आणि चाल अशी, की याच्या घशाखाली घास उतरेना.

"अहो, जेवा की नीट! पटाला काय पाय फुटलेत?" बायको वैतागली.

"पाय असते तर परवडलं असतं. त्याला अक्कल आहे!"

न्हाव्यावर पाळत ठेवून झाली. मास्तरांची उलटतपासणी झाली. "मी खेळलो असतो तर तिसऱ्या दिवशीच हरलो नसतो का?" मास्तर म्हणाले. एकदा हा दुकानामागे दडून बसला, तर कोणी आलंच नाही, आणि चाल बुडाली म्हणून यालाच चुटपुट लागली. मग मोहऱ्यांना चिकट वॉर्निश फासलं आणि गावभर लोकांचे तळहात बघत हिंडला. लोक म्हणाले, वाइंडरनं ज्योतिषाचा धंदा काढला! चोर मात्र पक्का. उंट कागदाच्या कपट्यानं धरून हलवलेला, कपटा तिथेच चिकटलेला.

सोळाव्या दिवशी यानं काळ्या राजाला कोपऱ्यात कोंडून शह दिला. आता मात ठरलेली. पण डाव संपला तर उद्या कोण येणार?

सतराव्या दुपारी हा अर्ध्या जेवणावरून उठून आला. काळा राजा घोड्यासारखा अडीच घरं उडी मारून बाहेर!

"लबाडी! शुद्ध लबाडी!" तो ओरडला.

मास्तर डोकावले. "शह बसल्यावर अशी उडी? असला नियम कुठल्या पुस्तकात नाही बुवा."

"पुस्तकात नाही..." म्हणता म्हणता वाइंडरनं ती अडीच घरं बोटानं पुन्हा मोजली. हा नियम जगात एकाच घरात होता. सात वर्षांची ताई मात झाली की भोकाड पसरायची, म्हणून बाबांनी सूट दिली होती: कोंडलेल्या राजाला एकदा अडीच घरं. हे ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरली होती.

दुकान उघडं टाकून तो सुटला. पुलावर चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. ताई अंगणात कपडे वाळत घालत होती.

"सापडला का चोर?" तिनं वळूनही न बघता विचारलं. "रोज पूल चढून गुडघे गेले माझे."

"ताई, निरोप धाडायला मीच विसरलो होतो. तुझा काही दोष नव्हता गं." एवढा मोठा बाप्या, पण ढसाढसा रडायला लागला.

ताईनं ओल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं."