साडूच्या नाटकात मी नव्हतो

एडवणपासून बोईसरपर्यंत माझ्या साडूएवढी माणसं कोणी हसवली नसतील, आणि माझ्याएवढं त्याच्यावर कोणी जळलं नसेल. तो बेटेगावचा, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तारापूरला कारखान्यात बॉयलरवर पाळी करायचा आणि गावोगावच्या नाटकांत विनोदी काम करायचा. मी चौथी शिकलेला वाडीवाला. चिकू, नारळ आणि पानवेल, यापलीकडे मला काही येत नाही. लग्नाकार्यात लोक विचारायचे, "तुमीच ना त्या नटाचे साडू?" माझं नाव कोणी विचारलं नाही.

लोकांना वाटतं हा घरीही तसाच असेल. कसला. घरी असा बसतो की पाहुण्याला वाटावं, यांच्यात कोणी गेलं की काय. त्याचा दारुडा बघायला पालघरहून माणसं यायची, आणि याला ताडीच्या नुसत्या वासाने मळमळतं. स्टेजवर धाडकन आडवा पडायचा, कारखान्यातले कामगारही "मामा, एक बार गिरके दिखाओ" म्हणून मागे लागायचे; पण घरच्या शिडीवर चढायला घाबरतो. त्याच्या दारचे नारळ जन्मभर मी उतरवून दिले. नाटकाची घंटा वाजली की हा पडद्यामागे बायकोचा पदर धरून घामाघूम उभा. तिने पाठीत ढकललं की बाहेर यायचा, आणि मग मांडव हसून वेडा.

काम तो पुस्तकातून बसवत नसे. हनुमान जयंतीच्या नाटकाआधी कोणाच्या तरी ओटीवर जाऊन बसायचा. चहा प्यायचा, बोलायचा नाही, नुसता बघायचा. मग नाटकात तो माणूस हुबेहूब उभा राहायचा. त्याचं खाकरणं, त्याचं लुंगी सावरणं, सगळं. मुरबे गावच्या एका मासे विकणाऱ्या मावरेवालीने त्याला सुके बोंबील दिले आणि बजावलं, "खा रं, पन मला नको घेव." त्याने बोंबील खाल्ले आणि तिलाही घेतलं. ती पुढे बसून शेजारणींना कोपराने ढोसत सांगत होती, "मीच हाय ती."

आमच्या ओटीवर तर तो दर साली यायचा. मी धुतलेला सदरा घालून उगाच त्याच्यासमोरून फिरायचो. एकदाही मला घेतलं नाही. आमच्या शेजाऱ्याला घेतलं, ज्याला धड चालता येत नाही. मी बायकोला म्हणालो, "काय गं, माझ्यात काय कमी हाय?" ती म्हणाली, "कमी काय नाय. तुमी चिकू भरा."

मग ती अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मी केलं. पेज भरवली, पाय चेपले, वेणी घालायलाही शिकलो. तिला हसवावं म्हणून एकदा अंगणात नाचून दाखवलं, तर म्हणाली, "पडाल." साडू आला की खोलीचं दार लोटून घ्यायचा, आणि आतून तिचं हसू यायचं, पार ठसका लागेपर्यंत. मी बाहेर पेजेचं भांडं घेऊन उभा. ती चालली होती हे मला दिसत होतं, आणि तरी त्याची मानगूट धरावीशी वाटायची. तिच्यात उरलं होतं तेवढं हसू हा नेत होता.

ती गेल्यावर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. वर्षश्राद्धाला आला. पानं उठली, माणसं पांगली, हा ओटीवर बसून राहिला. मी विचारलं, "आत तिला काय दाखवायचास?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमाला."

"मला?"

"दारुडा करू का म्हटलं तर ताई नको म्हनायच्या. यांना कर, म्हनायच्या. तुमी वाडीतून येता तसं, माझ्या बायडीवर डाफरता तसं, पेज फुकता तसं."

"मग नाटकात का नाय घेतलंस?"

"ताईनी शप्पत घातलेली, दादा. माझं लगीन झालं त्याच साली. म्हनाल्या, गावाला हसायला दुसरी मानसं पुष्कळ हायत. ह्यांच्यावर मी एकटी हसेन."

मी म्हणालो, "कर."

"आता?"

"कर म्हटलं ना."

तो उठून अंगणात गेला. पायरीवर पाय आपटून माती झाडली, टॉवेलने मान पुसली आणि घरात बघून ओरडला, "अगं, हायस का?" रोज वाडीतून आल्यावर मी असाच ओरडायचो, जशी काही ती कुठे जाणार होती.

आणि तो थांबला. चुलीपुढून उठून दारात यायला तिला जेवढा वेळ लागायचा, बरोबर तेवढा थांबला. तेवढा वेळ मीही दाराकडे बघत राहिलो.