शेवट सांगणारे ग्रंथपाल

आमच्या तुमसरच्या वाचनालयातले ग्रंथपाल विज्ञानकथांचा संग्रह हातात देतात, पण त्यातला जीव आधी काढून घेतात. नवं पुस्तक आलं की ते प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान तेवढं वाचतात आणि सुपारी कातरता कातरता पुस्तक नेणाऱ्याला सांगून टाकतात.

"तो डॉक्टर यंत्रच निघते, बाई. वाचा आता आरामात. डोक्याले ताण कायले?"

घरी येऊन वाचायला बसले की पहिल्या ओळीपासूनच मला त्या डॉक्टरच्या मानेत स्क्रू दिसायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा चष्मा फुटला आणि एक नवा संग्रह मला तसाच, न सांगता मिळाला. त्यातल्या एका गोष्टीत चंद्रावर गेलेला मुलगा परत येत नाही आणि आई त्याचं ताट वाढून बसून राहते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुस्तक परत केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "चंद्रावाल्या गोष्टीत शेवटी काय होते, बाई? मले लोकायले सांगा लागते."

मी म्हटलं, "पोरगा घरी येते."

नवा चष्मा आला, पण ते पान त्यांनी उघडलं नाही. शेवट माहीतच होता ना! आता ते पुस्तक देताना प्रत्येकाला सांगतात, "फिकर नका करू, पोरगा येते घरी."

काल शाळेतल्या एक बाई ते पुस्तक परत करताना डोळे पुसत होत्या. त्या गेल्यावर ग्रंथपाल मला म्हणाले, "पाहा, किती खुश झाल्या!"