स्नेहलचा ट्राय आणि केळीचा चीक

आमची मुलगी भारताकडून रग्बी खेळते आणि तिचा आजवरचा एकमेव ट्राय आमच्या घरात फक्त मी पाहिलेला नाही.

(ट्राय म्हणजे चेंडू घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेघेपार तो जमिनीला टेकवायचा. क्रिकेटमध्ये आपण दादा, रग्बीत आपण चिल्लर; त्यामुळे हे सगळ्यांना समजावून सांगावं लागतं.)

स्नेहलची निवड झाली, परदेशातली स्पर्धा थेट बघता येणार असं कळलं, तेव्हा मंदा, म्हणजे आमची सौ., एवढंच म्हणाली, "मला तिला एकदा खेळताना बघायचंय हो." आजवर तिनं पाहिले होते ते फक्त सुजलेले गुडघे आणि चिखलाचे कपडे.

"एवढंच ना? दणक्यात बघू!" मी म्हणालो. घोळ इथून सुरू झाला.

खानदेशी माणसाला आनंद झाला की तो वांगी भाजतो. मेहरूणच्या आमच्या दोन खोल्यांत ते जमणार नव्हतं, म्हणून सावद्याला मेव्हण्यांच्या, म्हणजे नानांच्या, केळीच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. नानांनी घरचा टीव्ही ट्रॅक्टरवर घालून मळ्यातल्या शेडमध्ये आणला. शिरपूरहून माझे वडील, आबा, आले. मी पांढरा टी-शर्ट छापून घेतला. पाठीवर ठळक अक्षरांत 'स्नेहलचे बाबा'!

"भाऊ, मॅच चालते किती वेळ?" नानांनी विचारलं.

"आंतरराष्ट्रीय मॅच आहे नाना! तीन तास कुठे गेले नाहीत."

(मी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही! मुलगी देशाकडून खेळायला लागली की बापाला नियम आपोआप येतात.)

मॅच चारला. साडेतीनला आम्ही जाळावर वांगी टाकली. भाजली, सोलली, लाकडी बडगीत घालून मी आणि नाना मुसळानं ठेचायला लागलो.

"अहो, सुरू झालं असेल!" मंदा पुऱ्या लाटता लाटता ओरडली.

"होऊ दे! आधी राष्ट्रगीत असतं, मग हात-पाय मोकळे करतात."

हात धुऊन आम्ही पुरुष टीव्हीसमोर बसलो, मंदा परातीपाशीच राहिली. दोन्हीकडच्या मुली एकमेकींशी हात मिळवत होत्या.

"बघा, आत्ता सुरू होतेय," मी म्हणालो.

आबांनी चष्मा पुसला आणि मुली घामानं निथळताना बघून म्हणाले, "आरे भाऊ, बठ्ठी मॅच सरनी ना!"

खरंच संपली होती. स्नेहल खेळते ते रग्बी सेव्हन्स, म्हणजे प्रत्येक बाजूला सात-सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ, हे मला मॅच संपल्यावर समालोचकाकडून कळलं. एवढ्या वेळात आमच्याकडे वांग्याचं सालसुद्धा निघत नाही! वर आपण हरलोही होतो.

मंदानं लाटणं परातीत आपटलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात समालोचकच देवासारखा धावून आला. आपली दुसरी मॅच थोड्या वेळानं, आजच! मंदा तशीच पिठाच्या हातांनी उठून टीव्हीपुढे जाऊन बसली. "आता भूकंप झाला तरी मी हलत नाही. पुऱ्या गेल्या खड्ड्यात!"

पहिला हाफ मीसुद्धा पापणी न लववता पाहिला. स्नेहल दोनदा पडली, मंदा दोनदा किंचाळली. मग मध्यंतर झालं. आता क्रिकेटच्या मध्यंतरात माणूस जेवून डुलकी काढतो. इकडे भरीत तयार, आणि वाढायला पानं नाहीत!

"मी आणतो पानं. केळी काय, इथंच आहेत."

"भाऊ, आधी बघा तरी किती वेळ..."

"मध्यंतर आहे हो नाना!"

विळा घेऊन मी केळीत शिरलो. सेव्हन्सचं मध्यंतर दोन मिनिटांचं असतं. आणि केळीची बाग आत शिरल्यावर चारी बाजूंनी सारखीच दिसते! पानांचा भारा खांद्यावर घेऊन मी वाट शोधतोय, तोवर शेडमधून मंदाचा आवाज आला, "पळ स्नेहू, पळ! अगं पळ गं बाई!" मग एकच गलका!

मीही पळालो. एकदा विहिरीपाशी निघालो, एकदा बैलांच्या गोठ्यात. शेवटी पोचलो तेव्हा नाना नाचत होते, आबा टीव्हीला हात जोडत होते आणि मंदा पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती. तोंड पांढरंफटक!

"पाहिलंत? तिघींना चुकवून गेली हो आपली पोर!"

मी पानांच्या भाऱ्याआडून बघितलं. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती.

रेकॉर्डिंग मिळतं म्हणे, पण मंदा लावू देत नाही. "तुम्ही केळीच्या पानावर बघा," म्हणते.

महिन्याभरानं स्नेहल घरी आली. माझा टी-शर्ट पाहून खूश झाली आणि मग थबकली. "बाबा, पाठीवर हा काळा डाग कसला?" केळीचा चीक तो! किती घासा, जात नाही. नेमका 'बाबा' या शब्दावर सांडलेला.

"तुझ्या ट्रायचा," मी म्हणालो.

"म्हणजे? तेव्हा तुम्ही होतात कुठे?"

"पळतच होतो गं! तुझ्याच वेळेला, तुझ्याइतकाच जोरात. तुला रेघ सापडली, मला शेड सापडली नाही."