उंबरावरचा फेस

वडप्याच्या आतल्या बाजूला, गावतळ्यावर वाकलेलं एकच उंबर उरलं होतं. त्याची भावंडं भिवंडीत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या भट्ट्यांत जळून गेली होती. गावाच्या रीतीनं लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ, म्हणजे पहिला खांब, उंबराचा, आणि ती तोडायचा मान चिंधूच्या घराण्याचा. मान म्हणजे काय, तर एक नारळ. पण लूमवर बारा तासांची ड्युटी करणारा चिंधू तो नारळ असा मिरवत आणी, की बघणाऱ्याला वाटावं, याला जहागीरच मिळाली.

याच चिंधूनं पूर्वी उंबराच्या पानांना लोंबणारा पांढरा फेस काठीनं झोडून पाडला होता. पिण्याच्या पाण्यावर ही कुणाची थुंकी, म्हणून. एका पावसाळ्यात मात्र काठी उगारली आणि तो तसाच उभा राहिला. फेसातून काळे ठिपके वळवळत सुटले आणि टपटप पाण्यात पडले. झाडावर राहणारा, बोटांना टिकल्या चिकटवल्यासारखा तो बारका बेडूक आपली पोरं अशी पाण्यावर टांगून ठेवत होता. चिंधूनं काठी मोडून चुलीत घातली. गावानं त्याला बेडकांचा आजा करून टाकलं.

झाडं होती तेव्हा फेसाचे पंधरा-वीस गोळे लोंबत. चौऱ्याहत्तरच्या आषाढात एकच दिसला. आणि गवताचे व्यापारी केसरीनाथशेठ यांच्या लेकीचं, मैनाचं लग्नही त्याच आषाढात निघालं. मेढीजोगी सरळ फांदी एकच, फेस नेमका तिच्यावर.

"शेठ, चार दिस थांबा," चिंधू म्हणाला.

"व्याह्यांना काय सांगू? आमच्याकडं बेडकीण बाळंत झालीय म्हणून?"

मंडळी खो-खो हसली. चुलतभाऊ लडकू पुढं सरकला. "दादा, कोयता दे इकडं. मानासकट दे."

चिंधूचं तोंड लाल झालं. "गणेशपुरीहून दुसरी फांदी आनतो. उद्या दुपारी मेढीच्या मुहूर्ताला न्हाय पोचलो, तर मान तुझा."

घरी गुणाबाईनं भाकरी बांधून दिली, वर टोमणाही दिला. "माझ्या बाळंतपणाला शिफ्ट सुटंना तुमची. बेडकीसाठी बरी खाडा करता!"

गणेशपुरीला फांदी मिळाली. एसटीच्या कंडक्टरनं ती वरखाली न्याहाळली. "हिचं तिकीट?"

"लग्नाला चाललीय."

"मग पुरं तिकीट. लहान न्हाय ती."

चिंधूनं पैसे मोजले. पण वाटेत ओढ्याचं पाणी फरशीपुलावर आलं आणि गाडी थांबली. तो उतरला, फांदी खांद्यावर घेतली आणि कमरेइतक्या पाण्यातून पलीकडं गेला. पुढं सारी चाल. गाव आलं तेव्हा मांडवात मेढ उभी होती आणि लडकूच्या काखेत नारळ होता.

चिंधूला मेढीकडं बघवेना. मग बघितलं. पानं आंब्याची.

"शेठच्या आई, धोंडूबाय म्हनल्या, त्यांच्या लग्नात आंब्याचीच व्हती," लडकू म्हणाला.

"मंग हे कालच का न्हाय बोललास?"

"काल बोललो असतो तर मान मला मिळाला असता?" लडकूनं नारळ कानाशी हलवून बघितला. "तसा कोयता घेऊन आधी उंबराकडंच गेलो व्हतो. पन वहिनी सकाळपासून झाडाखाली धुणं घेऊन बसलेली. सगळ्या गावाच्या वाकळा धुतल्या असतील तिनं. म्हनली, फांदीला हात लाव, मंग धोपाटणं बघ."

चिंधू तळ्यावर गेला. गुणाबाई पदर पिळत होती. फेस होता तिथंच होता.

"गेला मान?" तिनं विचारलं.

"गेला."

"नारळ फोडायचा तरी मीच. आता नारळाच्या पोळ्या लाटण्यातनं जीव सुटला."

तो हसला नाही. फांदी मात्र टाकवेना. त्यानं काठावरच्या चिखलात हातभर खड्डा खणला, ती पाण्याच्या अंगाला कलती रोवली आणि पायानं माती दाबली. उंबर पावसात धरतं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लग्नाला निघालेलं सगळं गाव तळ्यावर थबकलं.

"काय चिंधूआजा," कुणीतरी ओरडलं, "बेडकांच्या मांडवाची मेढ रोवली वाटतं?"

"व्हय," चिंधू म्हणाला. "इथला मान माझा हाय."