बेटावरचा पतंग
कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की वागळे इस्टेटमधला आमचा छापखाना आठवतो. अंदमानातल्या पतंगांवर पुस्तक लिहिलेले एक निवृत्त मास्तर डोंबिवलीहून चौथ्यांदा रंगीत चित्राचं प्रूफ बघायला आलेले. सोबत डांबरगोळी घातलेल्या डबीत नखाएवढा मेलेला पतंग, त्यांच्याकडचा एकुलता एक, पंखांवर फिकट पट्टा. "एवढा तपकिरी नाही हो, जरा राखाडी घ्या," ते म्हणाले. उकाड्याने मी वैतागलेलो. न विचारता पंखा लावला आणि पतंगाचा भुगा टेबलभर उडाला. मास्तर रिकाम्या डबीकडे बघत बसले. मग "राहू दे, तुम्हीही दमलात," म्हणत त्यांनी त्याच प्रूफवर सही केली. आता मास्तर नाहीत. पुस्तकातला रंग चुकलाय हे माहीत असलेला बहुधा मी एकटाच उरलोय.