आयडी दाखवा, काका

दुकानाच्या काउंटरमागे रोज आठ तास उभं राहिलं की पाय दुखतात आणि किस्से साठतात. पायांना घरी गेल्यावर तेल लावता येतं. किश्श्यांचं काय करायचं, म्हणून ते असे मैत्रिणींना सांगत बसते.

आमचं दुकान म्हणजे इथे अमेरिकेत पेट्रोल पंपाला लागून असलेलं छोटं स्टोअर. दूध, ब्रेड, लॉटरीची तिकिटं आणि माझ्या पाठीमागे कुलुपात सिगारेटी आणि व्हेप, म्हणजे इलेक्ट्रिक सिगारेटी. त्या कपाटासाठी शहराचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, वेगळं लायसन्स लागतं. एकवीसच्या आतल्या कुणाला विकलं तर पहिल्या वेळी महिनाभर कपाट बंद, दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द.

आमची पहिली वेळ होऊन गेली आहे. मालक जयंतीभाईंचा मेहुणा मॅच बघता बघता एका पोराला व्हेप विकून बसला. पोराला शहरानेच पाठवलं होतं. दुकानं तपासायला ते अशीच मुलं पाठवतात.

"दाढी होती त्याला," मेहुणा म्हणाला.

"दाढी बोकडालाही असते," जयंतीभाई म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून काउंटर माझ्याकडे आला. "ताई, हे कपाट गेलं तर दुकान चालणार नाही," एवढंच बोलले. दुकान गेलं तर माझ्यासारख्या बारावी पास बाईला या वयात कोण उभं करणार? तेव्हापासून मी सगळ्यांना आयडी विचारते. अगदी सगळ्यांना.

*

एकदा नागपूरचे एक काका आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, वय अठ्ठ्याहत्तर. मुलाने म्हणे सिगारेट सोडा आणि ते इलेक्ट्रिकचं घ्या असं सांगितलं होतं.

"ती चार्जिंगची विडी द्या," काका म्हणाले.

"आयडी दाखवा, काका."

काका घरी गेले आणि पासपोर्ट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पासपोर्ट उघडून काउंटरवर ठेवला.

"आज काय देऊ?"

"काही नको. बघा फक्त. घरी दिवसभर कोणी काही विचारत नाही."

*

समोरचा रस्ता ओलांडला की दुसरं शहर लागतं. त्या शहराने व्हेपची विक्री पूर्णच बंद केली आहे. त्यामुळे तिकडची माणसं सिग्नलला थांबतात, रस्ता ओलांडतात आणि आमच्याकडे येतात.

एकाने विचारलं, "मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओढलं तर कुठला नियम लागतो?"

मी म्हटलं, "ट्रॅफिकचा."

*

मराठी मंडळातली रोहिणी एकदा घाबरीघुबरी होऊन आली. फोनवरचा फोटो दाखवला. दसऱ्याची पूजा. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, मुलाचा कॅल्क्युलेटर आणि त्याच्याच बॅगेत सापडलेला एक पेन ड्राइव्ह. सगळ्यांवर हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडूचं फूल.

"मावशी, हा पेन ड्राइव्ह नाही ना?"

"नाही गं. व्हेप आहे."

तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. ती हळूच म्हणाली, "तुमच्या दुकानातला तर नाही?"

मी फोटो मोठा करून पाहिला. वर आंब्याचं चित्र, म्हणजे आंब्याच्या वासाचा होता. वासाचे सगळे प्रकार शहराने बंद केलेत, आम्ही ठेवतच नाही. तसं सांगितल्यावर तिला जरा बरं वाटलं. मला वाटलं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत बसले.

जाताना रोहिणी म्हणाली, "आरती चालू असताना आंब्याचा वास येत होता, मावशी. मला वाटलं, ह्यांनी नवी उदबत्ती आणली."

*

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी एक मुलगी आली. सरळ कपाटाकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाली, "ते निळं द्या."

मी मान वर केली आणि बघतच राहिले. तेच सुनीताचे गाल, तीच हनुवटी. सुनीता पूर्वी आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायची. मुलीच्या शाळेसाठी ते लोक रस्त्यापलीकडच्या शहरात राहायला गेले, त्याला बारा वर्षं झाली.

"तू सुनीताची ईशा ना?"

मुलगी गोरीमोरी झाली. "हो?"

"थांब, आईलाच फोन लावते."

"मावशी, प्लीज. आय ॲम वर्किंग."

"हे काम आहे?"

तोवर फोन लागला होता. सुनीता म्हणाली, "अगं, तिला कॉलेजच्या ॲडमिशनसाठी व्हॉलंटियरिंगचे तास हवे होते. फॉर्मवर मीच सही केली."

"वाचलास तरी का?"

"शहराचा होता. म्हटलं, झाडंबिडं लावायची असतील."

इतक्यात दाराबाहेर थांबलेला शहराचा इन्स्पेक्टर आत आला. गळ्यात बिल्ला, हातात फॉर्म. विकलं नव्हतं, हे खरं. पण त्याचा पहिला प्रश्न आयडीचाच होता.

"तुम्ही आयडी मागितला नाहीत?"

"नाही."

"नियमाप्रमाणे वय तपासायला हवं. तपासलंत का?"

मागच्या खोलीतून जयंतीभाई येऊन उभे राहिले होते. कपाटाकडे बघत होते. मला इंग्रजी सुचेना. मी ईशाला म्हटलं, "त्यांना सांग, हिचं वय सतरा. हिच्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्या होत्या. पातेलंभर."

ईशाने सांगितलं. बराच वेळ सांगत होती. पाळणा कसा असतो, तेही तिने हातांनी करून दाखवलं.

इन्स्पेक्टरने फॉर्म काउंटरवर ठेवला. 'वय कसं तपासलं' या रकान्यात तीन चौकोन होते: ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, इतर. त्याने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर सावकाश लिहिलं, "बाळाचं नाव ठेवलं, तेव्हा स्वयंपाक यांनी केला होता."