मजुरांच्या तुकड्या

२०१६च्या हिवाळ्यात, कॅनडातल्या रेजिनामध्ये, आमच्या शेजारच्या घरात एक जपानी बाई एकट्या राहत. वय सत्त्याऐंशी. सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी आमच्याबरोबर त्यांच्याही ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचो. एकदा त्यांनी दारातूनच विचारलं, "तुम्हाला टायपिंग येतं ना? माझे हात आता थरथरतात."

त्यांचे वडील युद्धात जपानी सैन्याचे जनरल होते. नंतर खटला चालून त्यांना फाशी झाली. बाईंच्या भावाने मरण्यापूर्वी वडिलांच्या लष्करी नोकरीची हकिगत जपानीत लिहून ठेवली होती. बाईंनी तिचं वहीत इंग्रजी केलं होतं. ते टाइप करून जपानमधल्या भाच्याकडे, त्या भावाच्या मुलाकडे, पाठवायचं होतं. तो छापून घेणार होता.

शनिवारी दुपारी त्या वाचत, मी टाइप करायचो. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, चौदाव्या वर्षी लष्करी शाळेत. नकाशे वाचण्यात हुशार. पुढे चीन. तिथली वर्षं भावाने दोन ओळींत उरकली होती: अमुक प्रांतात शांतता प्रस्थापित केली, बढती मिळाली.

"शांतता म्हणजे नेमकं काय केलं?" मी विचारलं.

"गावं जाळली असतील," बाई म्हणाल्या. "घरी कुणी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मीच वाचायचं टाळलं."

वडील शेवटचे दिसले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. स्टेशनवर त्यांनी मुलीच्या कोटाचं बटण लावून दिलं आणि गाडीत चढले.

फेब्रुवारीत आम्ही न्यू गिनीपाशी पोचलो. बाईंनी वाचलं, "सिंगापूरहून मजुरांच्या तुकड्या मिळाल्या. धावपट्टीच्या कामी त्या अखेरपर्यंत वापरल्या."

माझे हात थांबले. माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतून पलटणीत गेलेले. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा दोघेही कैद झाले. जहाजात कोंबून त्यांना न्यू गिनीला नेलं. आजोबा परत आले, थोरले नाही. आजोबा त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलले, मी दहावीत असताना. "उपाशी राहून राहून भावाला उभं राहवेना. त्याला रांगेतून बाजूला काढलं. मी मान वळवली नाही. वळवली असती तर मलाही काढलं असतं."

"हे मजूर कोण होते?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी भावाची वही काढून ओळीवर बोट ठेवलं. "इथे मजूर एवढंच लिहिलंय."

"मजूर नव्हते ते. हिंदी सैनिक होते, युद्धकैदी. माझे आजोबा त्यांत होते." मग मी सगळं सांगितलं. मी जॅकेट चढवून घरी आलो.

पाच शनिवार गेलो नाही. शोव्हल मात्र करत राहिलो, त्यांच्या खिडकीकडे न बघता. बायको म्हणाली, "तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्यावर कसला राग काढतोस?" कळत मलाही होतं. पण जनरल हा शब्द माझ्या बोटांनी पुन्हा टाइप होईना.

सहाव्या शनिवारी बाई वॉकर ढकलत, बर्फावरून आमच्या दाराशी आल्या. मी धावत जाऊन त्यांना धरून आत आणलं. बसल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "हे मजूर नव्हते, हिंदी युद्धकैदी होते. त्यांना उपाशी ठेवून मारलं. हुकूम माझ्या वडिलांचा चालत होता."

"हे घालाल?" त्यांनी विचारलं. "आणि तुमच्या थोरल्या आजोबांचं नाव सांगा. तेही घालू."

मी तिथूनच गावी वडिलांना फोन लावला. "घरात सगळे त्यांना थोरला म्हणायचे," ते म्हणाले. "खरं नाव तुझ्या आजोबांनाच ठाऊक होतं, ते तर गेले. आम्ही कधी विचारलं नाही रे."

नाव मिळालं नाही, असंही बाईंनी लिहायला लावलं.

राहिलेली पानं आम्ही मेपर्यंत संपवली. कैद्यांची उपासमार आपल्याला माहीत नव्हती, असं जनरल खटल्यात म्हणाले होते. तिथे बाई थांबल्या. "ते असं म्हणाले, एवढंच लिहा."

पुस्तक पोस्टाने आलं तेव्हा पानगळ सुरू झाली होती. बाईंनी ते पान काढलं. मजुरांच्या तुकड्या मिळाल्या, अखेरपर्यंत वापरल्या. पुढे काही नव्हतं. "मला वाटलंच होतं," म्हणत त्यांनी पुस्तक मिटलं.

पुढच्या वर्षी त्या केअर होममध्ये गेल्या आणि तिथेच वारल्या. अंत्यविधीला भाचा आला. साठीचा, अतिशय सौम्य माणूस. टायपिंगबद्दल त्याने वाकून माझे आभार मानले.

"ती वाक्यं तुम्ही का काढलीत?" मी विचारलं.

"ते माझे आजोबा होते," तो म्हणाला.

"तिथे माझेही होते," मी म्हणालो.

तो पुन्हा वाकला आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला.